फुलाच्या पोटऱ्यांवरचे सहा डाग

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यासमोर नाही, माहेरी नाही, देवासमोर तर नाहीच — देवाला म्हणे सगळं ठाऊक असतं, मग त्याला वेगळं काय सांगायचं? तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. सांगताना मी मध्येच थांबेन. थांबले म्हणजे रडते आहे असं समजू नका. मला रडायला येत नाही, राग येतो.

रागाचं आधी सांगून टाकते. आमच्या धनज गावात मला पाठीमागं मारकी म्हैस म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हतं. भाकरी करपली तर मी तवा आपटायची. गाईनं लाथ मारली तर मी गाईला लाथाडायची. लोक हसायचे. हसण्यासारखं होतंच ते — गाईपुरतं होतं तोवर.

पंधराव्या वर्षी मी या घरात आले तेव्हा सासू नव्हती. नवरा होता — आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची रीत — आणि त्याची सहा वर्षांची बहीण होती, पंचफुला. फुला. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, तिला पहिलं लुगडं मी नेसवलं. माझा पदर मुठीत धरल्याशिवाय ती झोपायची नाही. हे मी माझी बाजू सावरायला सांगत नाही. उलट — जिचा पदर धरून पोर झोपते त्या बाईनं पुढं काय केलं, ते तुम्हाला नीट कळावं म्हणून सांगते.

फुलाचं एक विचित्र होतं. जात्यावर बसली तर मला हरवायची. दंड कसे, गड्यासारखे. पाण्याची घागर एका हातानं उचलून डोक्यावर घ्यायची. पण शेताकडं निघाली की अर्ध्या वाटेत बसायची. पोटऱ्यांत गोळे आले म्हणायची. पाय बर्फासारखे, भर वैशाखातसुद्धा. डोकं ठणकायचं, आणि कधी कधी घोळणा फुटून पदर रक्तानं भिजायचा. आता मला सांगा — जी पोर जात्यावर दोन पायल्या ज्वारी दळते, तिला दोन शेतं चालायला का होऊ नये? तुम्ही काय समजला असता? मी समजले, सोंग आहे. कामचोर आहे. मालकाची लाडकी बहीण आहे, म्हणून चाललं आहे.

मी तिला मारायची. हेही कोणाला ठाऊक नाही, म्हणजे किती मारायची ते. वाटेत बसली की बैल हाकायच्या तुतारीनं, त्या टोकदार काठीनं, पाठीत. उठायची, दहा पावलं चालायची, पुन्हा बसायची. पुन्हा मी मारायची. एकदा तिचा ओठ फुटला तर घरी येऊन दगडावर पडले म्हणाली. तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. त्याचाही मला रागच यायचा.

आमचा वऱ्हाड प्रांत मुंबई राज्यात गेला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. फुला सोळा वर्षांची. कापसाची वेचणी जोरात होती आणि फुला तिसऱ्या दिवशी अंथरुणाला टेकली. मालक म्हणाले, कामरगावच्या किसना बुढ्याला बोलाव, पायाला डाग देईल. तेव्हा आमच्याकडं तीच पद्धत होती — पोट दुखलं डाग, कंबर धरली डाग, लेकरू सुकत चाललं तरी डाग. थंड पडलेलं अंग लोखंडानं जागं होतं, असं सगळे मानायचे. मीही मानायची. किसना बुढा त्या कामात नावाजलेला होता. नारळ आणि मूठभर ज्वारी, यापलीकडं काही घ्यायचा नाही.

तो आला तेव्हा मालक शेतात होते. घरात मी आणि फुला. बुढ्यानं सळई चुलीत ठेवायला लावली आणि आधी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. मग पायाच्या वरच्या अंगाला ठेवली. मग घोट्याच्या मागं, गुडघ्याच्या खाली. बराच वेळ तो असाच चाचपत राहिला. मग त्यानं सळई चुलीतून काढली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. चर्र झालं. मला म्हणाला —

"इच्या पायाले नाडीच नाही, बाई. हातात पाह्य, घन पडल्यावानी उडून राह्यली, अन् पायात काहीच नाही. जिथं रगतच पोचत नाही तिथं डाग देऊन काय होईल? जखम सडीन. म्या नाही देत. इले मोठ्या डाक्टरकडं न्या, लवकर न्या."

ना शाळा शिकलेला, ना कधी रेल्वेत बसलेला माणूस. पुढं मुंबईच्या सर्जननं जे यंत्रं लावून सांगितलं, ते त्यानं तीन बोटांनी सांगितलं होतं. नारळही न घेता तो उठून गेला.

आता इथं थांबावंसं वाटतं. — नाही, सांगते.

तो गेल्यावर फुला भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. आनंद म्हणू का? दुखणं आहे म्हणून कुणी आनंदतं का? पण ती आनंदली होती. मला म्हणाली, "पाह्य वैनी, मी सोंग नोती करून राह्यली."

एवढंच. टोमणा नव्हता त्यात. कुणीतरी शेवटी आपलं खरं मानलं, म्हणून ती मला सांगत होती — मलाच, कारण दुसरं होतं कोण तिला? पण माझ्या कानात ते वाक्य शिरलं आणि तुतारीचे सगळे फटके एकदम माझ्याच अंगावर परत आले. म्हणजे इतकी वर्षं मी आजारी पोरीला मारत होते? हे मला कबूल करता आलं असतं. मी काय केलं? कोनाड्यातला विळा घेतला आणि चुलीत घातला.

तो लाल होईपर्यंत मी तिथं उभी होते. तेवढा वेळ होता माझ्याकडं. हे लक्षात ठेवा. रागाच्या भरात हात उचलला गेला असं जे लोक सांगतात, ते मी सांगू शकत नाही. लोखंड तापायला वेळ लागतो.

मी तिला पालथी पाडली आणि मांड्यांवर बसले. तीन डाग डाव्या पोटरीवर, तीन उजव्या. कातडी जळल्याचा वास घरभर झाला. ती एका हातानं मला उलथवू शकली असती, सांगितलं ना तिचे दंड कसे होते ते. तिनं नाही उलथवलं. गोधडीचं टोक दातांत धरलं आणि पडून राहिली. का राहिली? मी डाग देत होते म्हणून, की मी मारत होते आणि तिला मार खायची सवय झाली होती? मी कधी विचारलं नाही. चौथ्या डागाला ती ओरडली आणि तेव्हा मी म्हणाले, "आता चालशील?"

मालक दिवे लागणीला आले. फुलानं तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, बुढा येऊन डाग देऊन गेला. फुला माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मान भिंतीकडं फिरवली.

पुढं बुढ्यानं म्हटलं तेच झालं. जखमा भरेनात. पिवळ्या पडल्या, मग काळ्या, मग त्यातून वास यायला लागला. पौषात मालकांनी मला सोबत घेऊन तिला बैलगाडीत घालून कारंज्याच्या डॉक्टरकडं नेलं. नवा, तरुण डॉक्टर होता. तो जखम बघायला बसला आणि त्याचा हात पावलावरच अडकला. मग त्यानं दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब बघितला, दोन वेळा बघितला. छातीला नळी लावली, पाठीलाही लावली. म्हणाला, हृदयातून निघणारी मोठी नाडी जन्मापासूनच एका जागी आवळलेली आहे. रक्त वर डोक्यात आणि हातांत जोरानं चढतं, खाली उतरत नाही. आता यावर ऑपरेशन निघालं आहे, मुंबईला होतं. आणि मग त्यानं विचारलं, हे डाग कोणी दिले?

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, कामरगावच्या किसना बुढ्यानं. दुसऱ्यांदा खोटं बोलणं सोपं असतं.

कारंज्याहून छोट्या रुळांच्या आगगाडीनं मूर्तिजापूर, तिथून मुंबई. बाईमाणूस सोबत पाहिजे म्हणून मीही गेले. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननं सगळं तपासलं आणि पेन्सिलीनं कागदावर काढून दाखवलं — हे हृदय, ही नाडी, आणि इथं बघा, दोरीनं गळा आवळल्यासारखी. हा तुकडा कापून काढायचा आणि दोन्ही टोकं शिवायची. ऑपरेशन त्याच आठवड्यात करतो म्हणाला. मग नर्सनं पोटऱ्यांवरचं फडकं सोडलं. अंगात असा पू असताना छाती उघडता येणार नाही, शिवलेली नाडी सडेल, असं त्यानं सांगितलं. आधी या जखमा सुकू देत.

म्हणजे थांबायचं. माझ्या सहा डागांसाठी थांबायचं. रोज सकाळी नर्स यायची, चिमट्यानं मेलेली कातडी ओढून काढायची आणि मी फुलाचे खांदे धरून ठेवायची. माझ्याच जखमा माझ्यासमोर रोज उघडायच्या. फुला माझ्या मनगटाला गच्च धरायची. बायकांच्या वॉर्डात आम्ही दोघीच, आम्हाला ओळखणारं तिथं कोणी नव्हतं. ती मला काहीही बोलू शकली असती. ती विचारायची, वैनी, कापूस सारा वेचून झाला असेल काय व?

चौथ्या आठवड्यात, सकाळी पेज पिताना, तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग ओकली. मग वाटी पडली, आणि तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. उजवा हात, तोच जात्याचा हात, खाटेवरून खाली लोंबला. डॉक्टर धावले. डोक्यातली नाडी फुटली म्हणाले. इतके दिवस रक्ताचा मारा सोसत होती, ती फुटली. वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर कदाचित टळलं असतं, असंही एक जण दुसऱ्याला म्हणाला. मी तिथंच उभी होते.

ती वाचली. शुद्धीवर आली. पण तिची वाचा गेली होती.

आता जे सांगणार आहे ते डागांहून वाईट आहे. डॉक्टरनं मालकांना सांगितलं की पोरगी बोलेल की नाही ते सांगता येत नाही. मालक खाली बसले आणि ढसाढसा रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. आणि मला बरं वाटलं. — हो, बरं वाटलं. अंगातून ओझं उतरल्यासारखं. आता ती सांगणार नाही, हा माझा पहिला विचार होता. तिच्यासाठी वाईट वाटलं ते नंतर, बऱ्याच वेळानं. आधी हेच वाटलं.

चैत्रात ऑपरेशन झालं. सकाळी आत नेली ती दुपार उलटल्यावर बाहेर आली. पाठीतून, डाव्या खांद्याच्या पात्याखालून, बगलेतून पुढं छातीपर्यंत तिला चिरली होती. फासळ्या लोखंडानं फाकवून, वरून खालून नाडी चिमट्यात धरून, करंगळीच्या पेराएवढा तुकडा कापून काढला होता. त्यातलं भोक गोधडी शिवायच्या सुईएवढं होतं म्हणाले. तेवढ्या भोकातून सोळा वर्षं तिच्या पायांना रक्त मिळत होतं, आणि मी त्या पायांना पळ म्हणून मारत होते. तिच्या कुशीतून नळी निघालेली, खाली बाटलीत रक्त टपकत होतं. नर्सनं मला बोलावलं, माझी बोटं धरून फुलाच्या पावलावर ठेवली. पाऊल गरम होतं. नाडी उडत होती. बुढ्यानं जिथं बोटं ठेवली होती, तिथंच.

वैशाखात परत आलो. कारंज्याला सालदार आमची बैलगाडी घेऊन आला होता. गाडीत गवतावर फुला, तिच्या उशाला मी. मालकांनी कासरा हातात घेतला आणि गाडी कामरगावकडं वळवली. मला तेव्हाच कळलं. मी विचारलंसुद्धा नाही, इकडं कुठं म्हणून.

किसना बुढा घराच्या ओट्यावर सुतळी वळत बसला होता. मालकांनी त्याला मानेला धरून खाली ओढलं. पहिला फटका तुतारीचा, तोंडावर. दात पडले, ते मी धुळीत पाहिले. लोक जमले, पण मालकांनी ओरडून सांगितलं, यानं माझ्या बहिणीला डाग देऊन मुकी केली, आणि लोक जागच्या जागी थांबले. बुढा हात वर करून म्हणत होता, म्या नाही देल्ला, म्या तं नाही म्हटलं होतं. मालक मारत राहिले. मग त्याला मी दिसले, गाडीत.

"इले विचार," तो म्हणाला. "सांग व बाई. तू होती ना तिथं."

मालक थांबले. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. त्याच वेळी फुलानं माझा उजवा हात धरला. डाव्या हातानं — तोच एक चांगला राहिला होता, आणि त्यात अजून सगळी ताकद होती. तिनं माझा हात मनगटाला धरून वर उचलला. सगळ्यांना दिसेल असा वर. तोंडातून नुसता आवाज येत होता, शब्द नव्हता. लोकांना वाटलं पोरगी भ्यायली, वहिनीला बिलगते आहे. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, हात पदराखाली घेतला आणि म्हणाले, "यानंच देल्ले."

मालकांनी बुढ्याचा उजवा हात ओट्याच्या दगडावर धरला आणि गाडीची खुंटी काढून वरून मारली. दोनदा. आवाज अजून माझ्या कानात आहे. तीन बोटं आणि मनगट. बुढा पहिल्याला ओरडला, दुसऱ्याला नाही ओरडला. तो माझ्याकडं बघत होता. फुलानं डोळे मिटून घेतले होते. मी मिटले नाहीत.

त्याचा हात पुन्हा सरळ झाला नाही. त्याच्याकडं नाडी दाखवायला कोणी जाईनासं झालं, आणि गेलं असतं तरी कोणत्या बोटांनी बघणार होता? बाजारात एकदोनदा समोर आला. मला बघून बाजूला सरकला, मला वाट दिली. त्यानं ही गोष्ट पुन्हा कोणाला सांगितली की नाही, मला ठाऊक नाही. सांगितली असली तरी मुंबईला जाऊन आलेल्या बाईसमोर त्याचं कोण ऐकणार? चार वर्षांनी तो गेला.

मालक गेले तेव्हा शेवटच्या दिवसांत शुद्धीत होते. मी पाय चेपत होते. म्हणाले, "जिंदगीत एक काम बरोबर केलं म्या. फुलासाठी त्या बुढ्याचा हात तोडला." मी तेव्हा सांगू शकले असते. मी म्हणाले, हो, बरोबर केलं. आणि पाय चेपत राहिले.

फुला आहे अजून. लग्न झालं नाही तिचं, कोण करणार होतं? माझ्याच घरात आहे. ऑपरेशननंतर ती चालायला लागली, माझ्याही पुढं चालायची, कापूस डाव्या हातानं वेचायची. वाचा हळूहळू आली, तुटकी. मीठ दे, ऊन झालं, गाय सुटली, एवढं बोलते. आली वाचा, तरी तिनं कोणाला सांगितलं नाही. दरवर्षी वेचणी सुरू झाली की मी वाट बघते, आज सांगेल. नाही सांगत.

आता थंडीत तिच्या पायांना मी तेल लावते. पाय गरम असतात. लुगडं वर सरकवलं की डाग दिसतात, आता पांढरे पडलेत, विळ्याच्या टोकाच्या आकाराचे. मी तेल लावताना तिथं आले की ती पाय आखडून घेते. अजूनही. झोपेत असली तरी घेते.

तीन डाव्या पोटरीवर, तीन उजव्या. किसना बुढ्यानं दिले नाहीत. मी दिले.